मिशी : स्त्रीलिंगी, एकवचनी

दुकानाच्या दारावर पाटी होती, 'फक्त पुरुषांसाठी'. पाटी रंगवणाऱ्याने 'फक्त' हा शब्द एवढा ऐसपैस काढला होता की 'पुरुषांसाठी'ला पुरेशी जागाच उरली नाही. शेवटची अक्षरं कडेला अंग चोरून उभी होती. आत दोन खुर्च्या, दोन आरसे, भिंतीलगत एक लांब बाक, आणि मागच्या कोपऱ्यात एक हिरवा पडदा. पडद्याचं पुढे येईलच.

पहिली खुर्ची मिशाळची. त्याचं खरं नाव मतदारयादीत असेल तेवढंच. गल्लीत त्याला मिशाळच म्हणत. मिशीही नावाला शोभेल अशी. नाकाखालून निघायची, गालाच्या मध्यापर्यंत सरळ आडवी जायची आणि तिथून एकदम वर वळायची, जिना चढल्यासारखी. टोकावर लिंबू ठेवलं तरी घरंगळणार नाही असं लोक म्हणत. ठेवून कोणी पाहिलं नव्हतं, कारण मिशाळ तापट होता.

दाढीला बसलेल्या माणसाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून तो हमखास एकच वाक्य बोलायचा, "कारागिराने आधी स्वतःची मिशी राखून दाखवावी. माझी ही मी स्वतः करतो. आजवर कोणाचा हात लागलेला नाही." गळ्यावर वस्तरा असताना कोण कशाला शंका काढतोय?

दुसरी खुर्ची त्याच्या जोडीदाराची. त्याला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी सातला जो लागायचा तो दुकानाला कुलूप पडेपर्यंत बंद व्हायचा नाही. बातम्या, हवामान, मधूनच एखादं बेसूर गाणं. एखादी गोष्ट गल्लीभर व्हावी असं वाटलं तर रेडिओच्या कानात 'कोणाला सांगू नकोस' एवढं म्हटलं की काम फत्ते.

बाकावर रोजची दोन डोकी ठरलेली. एक मास्तर, निवृत्त झालेले. चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं, त्यामुळे साधं 'चहा घेतला का?' विचारलं तरी आधी क्रियापद तपासायचे. दुसरा पैलवान. त्याची व्यायामशाळा होती, छाती दरवाजाएवढी, आणि आवाज मात्र बासरीसारखा. म्हणून तो फारसा बोलत नसे. नुसतं 'हं' म्हणायचा, आणि लोकांना ते वजनदार वाटायचं.

आता पडदा.

फार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक आलं, इकडे तिकडे बघत, आणि हळूच म्हणालं, "मिशाळ, मान दुखतेय जरा." मिशाळने मान दाबायला घेतली, तर ते कानात पुटपुटलं, "मान नाही हो. चेहरा. तो लेप लावतात ना, उजळायचा... बायको म्हणते काळवंडलात." मिशाळने त्याला पडद्यामागे नेलं. तेव्हापासून दुकानात मान दुखणं सुरू झालं. चेहऱ्याला लेप हवा, मान दुखतेय. केसांना कलप हवा, मान फार दुखतेय. भुवया कोरून हव्यात, मान दुखतेय आणि वर कळही जाते. मास्तरांची मान दर पंधरा दिवसांनी दुखायची. पैलवानाची दर आठवड्याला. एवढ्या माना दुखणारी गल्ली दुसरी नसेल. परका डॉक्टर आला असता तर दवाखाना थाटून बसला असता.

आणि ही सगळी मंडळी बाकावर बसून काय बोलायची? हेच, की हल्ली पुरुष राहिलेत कुठे.

समोर नवं सलून उघडलं होतं ना. सगळी काच. बाहेरून आतलं दिसायचं, हीच मोठी बेशरमी. त्यात मुली काम करायच्या, पुरुषांचे केस पुरुषांच्या डोक्यावरून कापायच्या, आणि पुरुष डोळे मिटून बसायचे, मांजर उन्हात बसतं तसे.

एका शनिवारी पैलवानाचा पुतण्या त्या काचेतून बाहेर आला. गाल गुळगुळीत, ओठावर बोटभर मिशी होती तीही साफ, भुवया कोरलेल्या. काकाला बघून त्याने हात हलवला आणि नखंही चमकली.

"बघा," रेडिओ म्हणाला, "बातमी चालत आली."

"हं," पैलवान म्हणाला. त्याच्या स्वतःच्या भुवया दोनच दिवसांपूर्वी कोरून झाल्या होत्या, पण तो मानेचा भाग होता.

"एका पोरीकडून मिशी काढून घ्यायची!" मिशाळ वस्तरा पट्ट्यावर घासत म्हणाला. "अरे मिशी म्हणजे काय? मर्दानगी! पुरुषाची ओळख!"

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं. "एक शंका. मिशी कोणत्या लिंगाची?"

"लिंग कसलं त्यात? पुरुषाची."

"व्याकरणातलं विचारतोय. तो मिशी, ती मिशी, की ते मिशी?"

मिशाळ थांबला. "ती."

"दाढी?"

"ती."

"आणि आता म्हणालास ती मर्दानगी?"

मिशाळने पट्टा सोडला. "...ती."

"स्त्रीलिंगी. हजामत ती, खुर्ची ती, कात्री ती. बाईचा पदर मात्र तो, आणि अंबाडाही तो."

"मग पुरुषत्व घ्या," रेडिओने मिशाळची बाजू सावरली. "त्यात तर पुरुषच आहे."

"ते पुरुषत्व," मास्तर शांतपणे म्हणाले. "नपुंसकलिंगी."

बाक असा हसला की भिंतीवरचा कंगवा खाली पडला. तो एक पुल्लिंगी होता, तोही पडला. पैलवान हसताना बासरी वाजली. खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून हसलं, फेस आरशावर उडाला. मिशाळ तेवढा हसला नाही. आपल्याच दुकानात आपली हजामत, तीही बिनपाण्याची. त्याने मिशीवर ताव मारला, उजवीवर, मग डावीवर, आणि बोलून गेला:

"लिंग गेलं खड्ड्यात. ऐका सगळे. ज्या दिवशी माझ्या या मिशीला बाईचा हात लागेल, त्या दिवशी ही मिशी उतरवीन! इथे, या खुर्चीत, तुमच्यासमोर!"

"शब्द?" रेडिओने विचारलं.

"शब्द!"

तोंडातून शब्द गेला आणि मिशाळला तो परत गिळावासा वाटला. पण बाकाने टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या मिळाल्यावर कोण परत फिरतं?

का गिळावासा वाटला ते सांगायला हवं. 'माझी मिशी मी स्वतः करतो' हे जे वाक्य होतं ना, ते एकतीस वर्षं धादांत खोटं होतं.

कोणत्याही कारागिराला विचारा. दुसऱ्याचं तोंड समोर असतं तेव्हा हात आपोआप चालतो. स्वतःचं तोंड आरशात बघून कात्री चालवायची म्हणजे डावं उजवं होतं, उजवं डावं, आणि हाताला काही कळेनासं होतं. लग्नानंतर पंधरा दिवसांत मिशाळने अशीच आरशात बघून मिशी कापली आणि एक बाजू तिरकी झाली. नवी बायको हसली. तो चिडला. तिने ट्रंकेतून एक छोटी कात्री काढली आणि म्हणाली, "बसा."

ती कात्री तिच्या वडिलांची. तेही याच धंद्यातले. त्यांनी तिला धाकट्या भावांच्या डोक्यांवर शिकवलं. सतरा वर्षांची होईपर्यंत तिचा हात बापापेक्षा हलका झाला होता. मग एक दिवस ते म्हणाले, आता बास, मोठी झालीस. भावांना दुकान मिळालं. तिने जाताना ही कात्री मागून घेतली. एका कडीला धागा गुंडाळलेला, कारण कडी तिच्या अंगठ्याला मोठी व्हायची. एवढ्या मोठ्या जगात तिच्या कात्रीला मिळाली ती एक मिशी.

दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाटावर मिशाळ बसायचा, गळ्यात पंचा. ती त्याची हनुवटी दोन बोटांनी धरायची, डोळे बारीक करायची, आणि कच-कच-कच. मग बोटावर मेण ऊन करून टोकांना पीळ. हे घर म्हणजे दुकानाच्या अगदी वर. मधे एक जिना. पण ती एकतीस वर्षांत दुकानात उतरली नव्हती. पाटी होती ना. धुतलेले पंचे, लेपाचे डबे, कलपाच्या वाट्या, सगळं ती खिडकीतून दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली सोडायची. लेप नि कलप तीच कालवायची. कोणाला कोणता हे मिशाळने सांगावं आणि तिने त्या त्या डब्याला रंगीत दोरा बांधावा, म्हणजे गल्लत नको. मास्तरांचा निळा. पैलवानाचा लाल. ज्या पुरुषांनी दुकानाला बायकांची सावलीही लागू दिली नाही, त्यांची प्रत्येक सुरकुती वरच्या खिडकीला पाठ होती.

तर शनिवारी शपथ झाली. रेडिओने ती घरी जाऊन बायकोला सांगितली, रेडिओच्या बायकोने ती नळावर सांगितली, आणि रविवारी दुपारपर्यंत ती जिना चढून वर गेली.

सोमवारी मिशाळ पाटावर बसला. गळ्यात पंचा घातला. हनुवटी वर केली. काहीच झालं नाही. त्याने एक डोळा उघडला. बायको भाजी निवडत होती.

"अगं, कात्री?"

"नको बाई," ती म्हणाली. "माझा हात लागला आणि मिशी उतरवावी लागली तर? मी कशाला ते पाप घेऊ?"

मिशाळच्या कानशिलापर्यंत घाम आला. "ते... ते बाहेरच्या बायकांबद्दल होतं."

"असं बोललात का? 'बाहेरच्या' हा शब्द नळापर्यंत पोचला नाही."

"अगं, तू काय बाई आहेस का?"

भाजीचं देठ तिच्या हातात तसंच राहिलं. मिशाळला कळलं की आपण खड्ड्यातून वर यायला गेलो आणि विहिरीत पडलो.

"बाई नाही," ती सावकाश म्हणाली. "मग कोण आहे मी?"

"म्हणजे तू आपली... घरची."

"बरं. मग असं करा. दुकानात जाऊन चार लोकांत सांगा, मिशी ही करते. मी नाही करत, ही करते. कोण ही, ते तुम्ही ठरवा. बाई म्हणा, घरची म्हणा. मग कात्री हातात घेते. तोवर मिशी तुमची तुम्ही. 'स्वतः' करता ना?"

आता एरवी मिशाळने आठवडाभर रुसून काढला असता. पण पुढच्या रविवारी व्यापारी मंडळाचा फोटोवाला येणार होता. मंडळाची दिनदर्शिका निघायची, बारा महिने बारा दुकानं. आणि यंदा पहिलं पान मिशाळचं, मिशीसकट. खाली ओळही छापायला ठरली होती: 'कारागीर असा, ज्याची मिशी त्याच्याच हातची.' म्हणजे खोटं आता गल्लीभर नव्हे, वर्षभर टांगलं जाणार. आणि मिशी वाकडी निघाली तर तेही वर्षभर टांगलं जाणार.

मंगळवारी दुपारी दुकानात कोणी नाही असं बघून त्याने दोन आरसे समोरासमोर लावले. उजवीकडून गव्हाच्या दाण्याएवढं घेतलं. मग डावी लांब वाटली, तिच्यातून घेतलं. मग उजवी लांब वाटली. दोन मांजरांचं लोणी वाटणारं ते माकड आठवतंय ना? तराजू सरळ होईना म्हणून दोन्ही पारड्यांतलं लोणी स्वतःच खात गेलेलं? तसंच, फक्त इथे माकडही तोच आणि मांजरंही तोच. रेडिओची चाहूल लागली म्हणून हात थांबला, नाहीतर त्या दिवशीच शपथ पुरी झाली असती. उजवं टोक वर बघत होतं, डावं खाली, एकमेकांशी बोलणं टाकल्यासारखं.

मिशाळने तोंडावर रुमाल बांधला. "सर्दी."

रेडिओने सर्दी प्रसारित केली. दोन दिवसांत काढा, वाफ, गरम विटेचा शेक, एवढं सगळं दुकानात येऊन पडलं. मास्तर म्हणाले, "सर्दी हीसुद्धा स्त्रीलिंगीच." मिशाळ रुमालाच्या आतून काहीतरी बोलला, पण सुदैवाने ऐकू आलं नाही. रेडिओला विचारून चार कात्र्या मारून घ्याव्या असं त्याच्या दहादा मनात आलं. पण रेडिओला मिशी दाखवायची म्हणजे गच्चीवर चढून दाखवल्यासारखंच.

चार दिवस त्याने जेवण टोपलीतून खाली मागवून पडद्यामागे उरकलं; शनिवारी संध्याकाळी मात्र घरी जेवताना रुमाल काढणं भाग पडलं. बायकोने वाढता वाढता बघितलं आणि तिच्या हातातला चमचा खाली टेकला. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. दुसऱ्या कोणी आपलं शिवण उसवून ठेवलेलं बघावं, तसं काहीतरी होतं.

"काय केलंत हो हिचं," ती म्हणाली. हात वर आला, मिशीच्या वीतभर अलीकडे थांबला, खाली गेला. "उजवी वाचेल. डावीतून दोन दाणे काढून वळण बदलावं लागेल. मेण जास्त."

मिशाळने गळ्यात पंचा घेतला.

"इथे नाही," ती म्हणाली. "खाली."

रविवारी दुकान भरलं. फोटोवाला आला, तिपाई उभी केली. मास्तर, पैलवान इस्त्री करून आलेले. आपणही मागे आरशात दिसू अशा बेताने बसलेले. मिशाळ पहिल्या खुर्चीशी उभा, तोंडावर रुमाल.

"रुमाल काढा, मिशाळशेठ," फोटोवाला म्हणाला. "सर्दी फोटोत दिसत नाही."

मिशाळने बाकाकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ किती दिवस तोंडावर धरून हिंडणार? त्याने रुमाल काढला.

फोटोवाल्याने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. मग मास्तर पुटपुटले, "उजवीकडे शुक्लपक्ष, डावीकडे कृष्णपक्ष."

"हे कोणी केलं?" रेडिओ ओरडला.

"मी," मिशाळ म्हणाला. "आयुष्यात दोनदा मी स्वतः केली. दोन्ही वेळा अशीच झाली. एरवी..." त्याने रुमालाची घडी घातली. "एरवी एकतीस वर्षं बायको करते. दर सोमवारी. तुम्ही जी बघताय ती तिची. माझ्या ओठावर उगवते एवढंच माझं."

रेडिओचं तोंड उघडलं आणि, गल्लीच्या इतिहासात प्रथमच, त्यातून आवाज आला नाही. आला तेव्हा मात्र एकदम मोठा. "म्हणजे बाईचा हात! लागलाय! मग शब्द? शब्द म्हणजे शब्द! बसा खुर्चीत!" आणि त्याने ब्रश पाण्यात बुडवला. जोडीदाराची मिशी भादरायची संधी तीस वर्षांत एकदाच येते. फोटोवाल्याने तिपाई सरळ केली. त्याला आता दोन फोटो दिसत होते, आधीचा आणि नंतरचा.

मिशाळ खुर्चीत बसला नाही. तो दाराशी गेला, पाटीखाली उभा राहिला, मान वर केली, आणि खिडकीच्या दिशेने ओरडला, "अगं ए! कात्री घेऊन खाली ये!"

खिडकीत टोपली हलली. मग जिन्यावर पावलं वाजली. ती दारात आली. एका हातात धागा गुंडाळलेली कात्री, दुसऱ्या हातात टोपली. उंबऱ्याशी थांबली.

"पाटी आहे," ती म्हणाली.

"असू दे."

"आणि शपथ आहे."

"ती आहेच," रेडिओ फेस घोटत म्हणाला. "वहिनी, तुम्हाला दोष नाही. पण मिशी आता जाणार."

"हात तर लावून बघा, भावजी." ती एवढ्या शांतपणे म्हणाली की ब्रश जागच्या जागी थांबला. "वाढवतात हे, पण राबलेय मी. उतरवायची तर मला विचारून."

"मग यांचा शब्द खोटा पडू द्यायचा?"

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. शब्दांचा मामला. मास्तर तोंड उघडणार, एवढ्यात त्यांची नजर टोपलीत गेली. टोपलीत त्या दिवशीचे डबे होते. सगळ्यात वर निळा दोरा बांधलेला. मास्तरांनी निळा दोरा पाहिला, वहिनींकडे पाहिलं, आणि वहिनी अगदी सौम्य हसल्या. विद्वत्तेला कधी कधी एवढाच धक्का पुरतो.

"शपथेचे शब्द काय होते?" मास्तर झटकन उभे राहिले. "'ज्या दिवशी बाईचा हात लागेल.' लागेल! भविष्यकाळ. जी गोष्ट अजून घडायची आहे, तिच्यापुरतीच ती शपथ. वहिनींचा हात लागेल का? नाही. तो एकतीस वर्षं लागत असतो. रीती वर्तमानकाळ! आधीपासून चालत आलेली रीत. तिला भविष्यकाळाची शपथ लागू होत नाही. रेडिओ, ब्रश खाली ठेव."

"आणि पाटी?" रेडिओने शेवटचा प्रयत्न केला.

"पाटी म्हणते 'पुरुषांसाठी'. चतुर्थीचा भाव. कोणासाठी ते लिहिलंय, कोणी करायचं ते कुठे लिहिलंय? वहिनी, या आत."

ती आत आली. दोन खुर्च्या, आरसे, बाक, सगळं तिने एकदा डोळ्यांखालून घातलं, ऐकून ऐकून पाठ असलेलं घर पहिल्यांदा बघावं तसं. पडद्यावर नजर गेली तेव्हा बाकावरच्या दोघांनी जमिनीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "बसा."

मिशाळ आपल्याच खुर्चीत बसला. आपल्या खुर्चीत गिऱ्हाईक म्हणून बसल्यावर छत एवढं उंच दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तिने त्याची हनुवटी दोन बोटांनी धरली. डोळे बारीक केले. डावीतून दोन दाणे. कच. थांबून पाहिलं. कच-कच. बाक पुढे झुकला. रेडिओ धंद्यातला माणूस; तो कात्री नव्हे, तिचं मनगट बघत होता. मनगट हलतच नव्हतं, फक्त अंगठा.

"काय हात आहे," तो हळू म्हणाला. आणि हे त्याने कोणाला ऐकवण्यासाठी म्हटलं नव्हतं, ही त्या दिवसाची दुसरी ऐतिहासिक घटना.

तिने बोटावर मेण ऊन केलं, टोकांना पीळ दिला, दोन पावलं मागे सरकली. मिशी पूर्वीसारखी नव्हती. थोडी आखूड, वळण जरा बारीक, आधीपेक्षा कमी गुरगुरणारी. चेहरा मोकळा दिसत होता.

"बरी दिसते," मिशाळ आरशात बघत म्हणाला. "हसता येतंय हिच्यात."

"पूर्वी येत नव्हतं?"

"पूर्वी तू हसू द्यायची नाहीस. हलू नका म्हणायचीस."

फोटो निघाला. पण तो निघाला न निघाला तोच बाकाकडून एक बासरी वाजली. पैलवान उठून उभा होता, दरवाजाएवढी छाती, पायाची बोटं आत वळलेली.

"वहिनी," तो म्हणाला. "माझी... माझी जरा मान दुखतेय."

एवढ्या वर्षांत ही मान चारचौघांत कधी दुखली नव्हती.

वहिनींनी टोपलीत हात घातला. "तुमचा लाल दोरा," त्या म्हणाल्या, अगदी सहज, भाजीवालीने जुडी द्यावी तसं. "लेप थंड दुधात कालवलाय, मागच्या वेळी तुम्हाला आग झाली म्हणाले होते हे. आणि भुवया या वेळी जरा जाड ठेवू का? तुमच्या कपाळाला शोभतील."

"हं," पैलवान म्हणाला. आणि मग, विचार करून, "हो."

"मास्तर, तुमचा निळा. कानामागचे केस पांढरे राहतात तुमचे नेहमी, कलप आज मीच लावते."

मास्तर लाल झाले, कलपाच्या खालीसुद्धा. रेडिओ एवढा हसला की त्याला खुर्चीला धरावं लागलं. तेव्हा टोपलीतून तिसरा डबा बाहेर आला, पिवळ्या दोऱ्याचा, आणि रेडिओचं प्रक्षेपण तांत्रिक कारणास्तव खंडित झालं.

"पडदा ओढू का?" मिशाळने विचारलं.

"कशाला?" पैलवान म्हणाला. "उकडतं आत."

दिनदर्शिका निघाली तेव्हा पहिल्या पानावर मिशाळ होता, आणि खाली छापलेली ओळ बदललेली होती. मंडळाच्या चिटणीसाने नवी ओळ मागितली तेव्हा मिशाळला सुचेना, मास्तरांनी तीन लांबलचक ओळी दिल्या त्या मावेनात, शेवटी वरच्या खिडकीतून जी आली ती तशीच छापली: 'मिशी यांची. हात बाईचा.'

पाटी अजून तीच आहे. सकाळी दहापासून एकपर्यंत पहिल्या खुर्चीशी वहिनी असतात, आणि त्या वेळेला नंबर लावावा लागतो. समोरच्या काचेतला मालक एकदा येऊन बाकावर बसला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, मान दुखतेय. त्याला सांगितलं, इथे आता मान दुखावी लागत नाही, काय हवं ते बोल.

मिशाळ मात्र बदलला. गळ्यावर वस्तरा टेकवून तो हल्ली 'माझी मिशी' म्हणत नाही, 'आमची' म्हणतो. रागावतो पूर्वीसारखाच, मिशीला पीळ देतो, शपथ अगदी जिभेवर येते. मग थांबतो, बाकाकडे वळतो आणि विचारतो, "मास्तर, कोणता काळ वापरू?"